शेवटच्या पाच षटकांची तयारी आदल्या रात्री होते

प्रश्न असा आहे: राष्ट्रीय क्रिकेट संघाला सामने जिंकण्यासाठी डेटा विश्लेषणाचा नेमका उपयोग कसा होतो? चेंडूगणिक आकडे आता सगळ्याच मोठ्या संघांकडे असतात, मग एकाला त्यातून फायदा होतो आणि दुसऱ्याला होत नाही, असं का? आणि संख्याशास्त्र शिकणाऱ्या कुणाला या कामात यायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

मी गेली पंधरा वर्षं वेगवेगळ्या संघांबरोबर विश्लेषक म्हणून काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कर्णधाराला मैदानावर निर्णय घ्यायला वेळ किती मिळतो, इथून सुरुवात करू. षटक संपतं, क्षेत्ररक्षक जागा बदलतात आणि तेवढ्यात पुढचा चेंडू कुणाच्या हातात द्यायचा ते ठरवायचं असतं. २०२४ पासून पांढऱ्या चेंडूच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचं घड्याळही लागतं. त्या मिनिटभरात कुणी तक्ते चाळत बसत नाही. म्हणून आमचं खरं काम सामना सुरू होण्याआधीच संपलेलं असतं. उद्या कोणकोणते प्रसंग येऊ शकतात, आले तर हातात काय पर्याय असतील आणि त्यातला कुठला सगळ्यात कमी महाग पडेल, हे शांत डोक्याने आदल्या दिवशी मांडून ठेवायचं. निर्णय घेणारा माणूस तो प्रसंग ऐन वेळी पहिल्यांदाच बघत नसतो, हा त्यातला फायदा.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला एक प्रसंग घेऊ. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत. भारताच्या १७६ धावा. पंधराव्या षटकात अक्षर पटेलला २४ धावांचा मार बसला आणि दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा, ६ गडी हातात, क्लासेन आणि मिलर खेळपट्टीवर, अशी वेळ आली. जसप्रीत बुमराची दोन षटकं शिल्लक होती. टी-ट्वेंटीतली जुनी रीत सांगते की हुकमी गोलंदाजाचं एक षटक एकोणिसाव्यासाठी राखून ठेवावं. रोहित शर्माने त्याला सोळावं आणि अठरावं दिलं.

याचा हिशेब कागदावर कसा दिसतो बघा. समजा सोळावं षटक दुसऱ्या कुणी टाकलं आणि त्यात दहा धावा गेल्या. त्या क्षणी ते अगदी सहज शक्य होतं. मग उरतात २४ चेंडूंत २०. आणखी एक तसंच षटक गेलं की १८ चेंडूंत दहा-बारा, आणि एकोणिसाव्यासाठी जपून ठेवलेल्या बुमराला करायला काही उरतच नाही. एखाद्या षटकाची किंमत त्या षटकात किती धावा वाचतील एवढ्यावर ठरत नाही, त्या धावा वाचल्याने सामन्याचं पारडं किती हलेल यावर ठरते. पारडं हलण्याची शक्यता अजून शिल्लक आहे तोवरच सर्वोत्तम गोलंदाज वापरायचा. प्रत्यक्षात सोळाव्यात ४ धावा गेल्या. सतराव्याच्या पहिल्याच चेंडूवर हार्दिक पांड्याने क्लासेनला बाद केलं आणि त्याही षटकात ४च धावा. अठराव्यात बुमराने २ धावा देऊन यान्सनचा त्रिफळा उडवला. एकोणिसावं अर्शदीप सिंगचं, पुन्हा ४ धावा. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या, ८ निघाल्या आणि भारत ७ धावांनी जिंकला. लोकांना सूर्यकुमार यादवचा सीमारेषेवरचा झेल आठवतो, आणि तो आठवावा असाच होता. मला मात्र त्याच्याइतकाच सोळाव्या षटकाआधीचा क्षण महत्त्वाचा वाटतो. मैदानावरचा निर्णय रोहितचाच. पण हा असा हिशेब ज्याच्या डोक्यात आधी कधीतरी मुरलेला असतो, तो त्या गदारोळात रीत मोडायला कचरत नाही.

त्याच सामन्यात भारताची अवस्था ३ बाद ३४ असताना अक्षरला पाचव्या क्रमांकावर पाठवलं होतं. केशव महाराजने एकाच षटकात दोन गडी घेतले होते. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो, तोच डावऱ्यासाठी आत येतो आणि लेग साइडला उचलून मारायला सोपा जातो. अक्षरने ३१ चेंडूंत ४७ केल्या. आजच्या भाषेत याला मॅचअप म्हणतात. पण २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनी युवराजच्या आधी उतरला तेव्हाही विचार याच जातीचा होता: समोर ऑफ स्पिनर, खेळपट्टीवर डावखुरा गंभीर, जोडी डाव्या-उजव्याची राहायला हवी, आणि मुरलीधरनबरोबर चेन्नईच्या आयपीएल संघात खेळल्यामुळे त्याच्या गोलंदाजीची ओळख. चांगल्या कर्णधारांच्या डोक्यात हा डेटा पूर्वीपासून होताच. आपण तो मोजून, पडताळून, सगळ्या संघासाठी उपलब्ध करतो.

आता हे मोजणं म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळं कॅमेरेच करतात. हॉक-आय, म्हणजे कॅमेऱ्यांनी चेंडूचा मार्ग टिपणारं तंत्र, २००१ मध्ये टीव्हीवर आलं. चेंडूचा टप्पा, वेग, उसळी, वळण हे आता यंत्र सांगतं. पण एका चेंडूची आमच्याकडे जी ओळ होते तिच्यातले बरेच रकाने अजून माणूस भरतो. गोलंदाज यष्टीच्या कुठल्या बाजूने आला, फलंदाज पुढे गेला की मागे, फटका कोणता, क्षेत्ररक्षक कुठे उभे होते. आणि एक रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो: चेंडू फलंदाजाच्या ताब्यात होता की नाही. कव्हर ड्राइव्हचा चौकार आणि कड घेऊन स्लिपच्या शेजारून गेलेला चौकार धावफलकात सारखेच. आमच्या नोंदीत ते दोन निराळे चेंडू आहेत. एखाद्या गोलंदाजाने वीस षटकांत एकही गडी घेतला नाही, पण दर पाचव्या-सहाव्या चेंडूला फलंदाज चुकतोय, असं दिसलं तर मी प्रशिक्षकांना छातीठोकपणे सांगतो की याला वगळू नका. उलट तीन गडी मिळाले, पण दोन सीमारेषेवरच्या झेलांचे आणि एक लेग साइडच्या वाइडसारख्या चेंडूवर यष्टिरक्षकाने टिपलेला, तर त्या तीन गड्यांवर फार विसंबू नये.

एकदिवसीय सामन्याचे सहाशे चेंडू असे टॅग करायला, सराव असला तरी, पूर्ण दिवस जातो. पाच दिवसांच्या कसोटीत जास्तीत जास्त सत्तावीसशे. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच पाया आहे. तुमच्या संघाने हा रकाना काळजीने भरला आणि दुसऱ्याने भरला नाही, तर इथेच फरक पडायला सुरुवात होते. ‘डेटा सगळ्यांकडे सारखाच’ हे अर्धंच खरं आहे.

पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते थोड्या आकड्यांवर मोठा निष्कर्ष काढल्याने. हे मी नीट उलगडून सांगतो, कारण यात हुशार माणसंही फसतात.

सामन्याच्या आधी टीव्हीवर एक पाटी हमखास येते: अमुक फलंदाज तमुक गोलंदाजासमोर १४ चेंडूंत २ वेळा बाद. लगेच तो गोलंदाज त्या फलंदाजाचा ‘काळ’ ठरतो. आता गणित करा. टी-ट्वेंटीत साधारण वीस चेंडूंना एक गडी पडतो असं धरा. म्हणजे कुठल्याही चेंडूवर बाद होण्याची शक्यता विसात एक. गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात काहीही खास नातं नसताना, १४ चेंडूंत दोन किंवा जास्त वेळा बाद होण्याची शक्यता जवळजवळ १५ टक्के निघते. दोन संघांमधल्या साठ जोड्या तपासल्या तर त्यातल्या आठ-नऊ जोड्या निव्वळ योगायोगाने ‘काळ’ वाटतील. अशा पाटीवर विसंबून गोलंदाजीची योजना आखणं म्हणजे नाणं उडवून योजना आखणं.

ताजं उदाहरण २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याचं. पाच कसोटींपैकी बुमरा तीन खेळला. हेडिंग्ले आणि लॉर्ड्सला भारत हरला, ओल्ड ट्रॅफर्डला अनिर्णित. तो न खेळलेल्या दोन्ही, एजबॅस्टन आणि ओव्हल, भारताने जिंकल्या. लगेच चर्चा सुरू झाली की बुमरा नसताना संघ जास्त चांगला खेळतो. पाच सामने! आणि या पाच सामन्यांत खेळपट्ट्या वेगळ्या, नाणेफेक वेगळी, एजबॅस्टनला शुभमन गिलच्या २६९ आणि १६१, ओव्हलला सिराजचा शेवटच्या सकाळचा झंझावात. लॉर्ड्सला भारत २२ धावांनी हरला, ओव्हलला ६ धावांनी जिंकला. दोन्हीकडे एखादा झेल इकडचा तिकडे झाला असता तर हा सगळा सिद्धांतच जन्माला आला नसता. अशा वेळी विश्लेषकाने ठाम राहायला हवं. आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ खोटा आहे, हे चार माणसांसमोर स्पष्ट सांगणं हा आमच्या कामाचा भाग आहे, आणि ते सांगताना समोर कोण बसलंय याची भीड धरून चालत नाही.

मग थोड्या चेंडूंमधून काहीच शिकता येत नाही का? येतं, पण प्रश्न बदलावा लागतो. ‘या गोलंदाजासमोर’ ऐवजी ‘या जातीच्या चेंडूसमोर’ असं विचारायचं. अमुक गोलंदाजाचे १४ चेंडू असतील, पण डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाने उजव्या फलंदाजाला आत आणलेले, पूर्ण टप्प्याचे, पहिल्या दहा चेंडूंतले, असे गाळले तर पाच वर्षांत दोनशे मिळतात. त्या दोनशेंमध्ये जर तो पन्नास-साठ वेळा चुकला असेल तर ते खरं दुबळेपण. बाद किती वेळा झाला ते नंतर बघायचं, कारण बाद होणं विरळ असतं आणि चुकणं वारंवार असतं. विरळ गोष्टीवरून शिकायला आयुष्य पुरत नाही, वारंवार होणाऱ्या गोष्टीवरून एका मोसमात शिकता येतं.

याचा कसोटीतला सुंदर नमुना म्हणजे २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. तेव्हाचे गोलंदाजी प्रशिक्षक भरत अरुण यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की दौऱ्याच्या काही महिने आधीच, २०२० च्या जुलैमध्ये, यावर विचार सुरू झाला होता. ऑस्ट्रेलियाचे फलंदाज मोठ्या प्रमाणात धावा ऑफ साइडला आणि कट-पुलवर काढतात, हे अभ्यासात दिसलं होतं. शिवाय त्याच्या आदल्या मोसमात न्यूझीलंडने स्टीव्ह स्मिथला अंगावर, लेग साइडच्या रोखाने गोलंदाजी करून अवघडून टाकलं होतं. मग ठरलं की ऑफ साइडचं दारच बंद करायचं: रोख यष्टीवर आणि पायांवर, क्षेत्ररक्षक लेग साइडला जास्त. मेलबर्नला पहिल्या डावात स्मिथ अश्विनच्या चेंडूवर लेग साइडला पुजाराच्या हाती झेल देऊन शून्यावर गेला. लाबुशेन ४८ वर सिराजला लेग साइडलाच गिलकडे झेल देऊन बाद झाला. दुसऱ्या डावात बुमराने स्मिथचा त्रिफळा पायांच्या मागून उडवला. पहिल्या दोन कसोटींच्या चार डावांत स्मिथच्या मिळून १० धावा.

जगातल्या बहुतेक संघांना तो आकडा उपलब्ध होताच. त्या आधारे शंभर वर्षांची ‘ऑफ स्टंपच्या बाहेर, चौथ्या स्टंपवर’ ही शिकवण बाजूला ठेवायची, सगळ्या गोलंदाजांना नव्या रोखाचा सराव द्यायचा आणि पहिल्या कसोटीत ३६ धावांत बाद झाल्यावरही योजना फेकून द्यायची नाही, हे धाडस मात्र संघाचं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

आणि लगेच पुढची गोष्टही सांगायला हवी. सिडनीला तिसऱ्या कसोटीत स्मिथने १३१ आणि ८१ केल्या. तो अश्विनवर चालून गेला, बसून राहिला नाही. समोरचाही विचार करतो, त्याच्याकडेही विश्लेषक असतो. कुठलीही योजना एक-दोन सामने चालते, मग तिची धार जाते. हवामानाच्या अंदाजात ढगाला तुमचा अंदाज कळत नसतो, क्रिकेटमध्ये कळतो. त्यामुळे दौऱ्यावर मी दुसऱ्या सामन्यापासूनच एक वेगळा कागद ठेवतो: आपण करतोय ते समोरच्याच्या लक्षात आलंय का? फलंदाजाचा पाय आधी हलायला लागला, गार्ड बदलला, लेग स्टंपवर उभा राहायला लागला, की समजायचं.

आता या कामातला सगळ्यात अवघड भाग: खेळाडूपर्यंत पोचवणं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका तरुण वेगवान गोलंदाजाला समोरच्या सलामीच्या जोडीवर दोन पानांचा अहवाल दिला होता. टप्प्यांचे नकाशे, टक्केवारी, सगळं. पोरगा मन लावून वाचणारा. दुसऱ्या दिवशी पहिल्या चार षटकांत त्याने सहा वेगवेगळे टप्पे टाकले, कारण प्रत्येक चेंडूला त्याच्या डोक्यात वेगळी ओळ येत होती. संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “सर, मी टाकू काय, ते एकच सांगा ना.” ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हापासून माझा नियम आहे की गोलंदाजाला एका फलंदाजासाठी एकच ओळ द्यायची. ‘पहिले पंधरा चेंडू सहा-सात मीटरवर, ऑफ स्टंपचा माथा, आखूड नको.’ बस. त्यामागे चारशे चेंडूंचा अभ्यास असेल, पण तो माझ्या लॅपटॉपमध्ये राहू दे. फलंदाजांना तर मी आकडे क्वचितच देतो, व्हिडिओच्या क्लिप देतो. त्याच गोलंदाजाचे, त्याच टप्प्याचे दहा चेंडू सलग दाखवले की मनगट कधी बदलतं ते त्यांच्या डोळ्यांना माझ्याआधी दिसतं. काही खेळाडूंना सामन्याआधी काहीच नको असतं. त्यांना काही देऊ नये, तोही त्यांचा अभ्यासच असतो.

सामना चालू असताना बाहेरून मदत करायचे प्रयत्न जुने आहेत. १९९९ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक बॉब वुल्मर यांनी कर्णधार हॅन्सी क्रोनिएच्या कानात छोटा रिसीव्हर लावला होता, त्यावर बंदी आली. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडचे विश्लेषक नेथन लीमन यांनी केपटाऊनला बाल्कनीत अंक-अक्षरांच्या पाट्या लावून कर्णधार ऑइन मॉर्गनला इशारे दिले, त्यावरही बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर पाट्यांची गरज पडावी इतकी योजना गुंतागुंतीची नसावी. ड्रिंक्सच्या वेळी पाण्याच्या बाटलीबरोबर गेलेला चार शब्दांचा निरोप पुरतो.

नाणेफेकीबद्दल थोडं. नाणं आपल्या हातात नसतं, जिंकल्यावर काय करायचं ते असतं. २०२१ चा टी-ट्वेंटी विश्वचषक आठवा. दुबईत रात्रीच्या दवामुळे पाठलाग करणाऱ्या संघाने जवळजवळ सगळे सामने जिंकले, अंतिम सामन्यासकट. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. दुपारी खेळपट्टी संथ होती, चेंडू थांबून येत होता, भारताच्या २४० झाल्या. संध्याकाळी चेंडू बॅटवर येऊ लागला आणि ट्रॅव्हिस हेडने १३७ केल्या. हे आधी कसं कळतं? मैदानावर जाऊन. सामन्याच्या दोन दिवस आधी, सामन्याच्याच वेळेला, दर अर्ध्या तासाने सीमारेषेजवळच्या गवतावर हात फिरवून बघायचा आणि वेळ लिहून ठेवायची. चेंडू कितव्या षटकात ओला व्हायला लागेल ते त्यावरून ठरतं. मग फिरकी गोलंदाजांचा कोटा कधी संपवायचा तेही ठरतं. नेट्समध्ये फिरकीपटू बादलीत बुडवलेल्या चेंडूने सराव करतात तो याचसाठी. या कामाला मॉडेल लागत नाही, घड्याळ आणि वही लागते.

निवडीत आकड्यांचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे एकच मुद्दा. सरासरी आणि स्ट्राइक रेट त्या सामन्यातल्या इतरांशी ताडून बघा. जिथे सगळे १६० च्या गतीने खेळले तिथला १४० संथ आहे, जिथे बाकीचे ११० वर अडकले तिथला १३० सोन्यासारखा.

वेगवान गोलंदाजांच्या शरीराचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते राष्ट्रीय संघाला डेटाचा सगळ्यात मोठा फायदा इथे होतो आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. २०१४ मध्ये अव्वल दर्जाच्या वेगवान गोलंदाजांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ऑस्ट्रेलियाचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम गॅबेट होते. त्यातून दिसलं की गोलंदाजाने या आठवड्यात टाकलेले चेंडू मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा एकदम खूप वाढले, तर पुढच्या आठवड्यात दुखापतीचा धोका चढतो. म्हणजे शरीराला सवय नसताना अचानक जास्त टाकणं सगळ्यात घातक. टी-ट्वेंटीत एका सामन्यात २४ चेंडू. कसोटीत दोन डाव मिळून ४० षटकं झाली तर २४०. दोन महिने लीग खेळून थेट कसोटीला उतरणाऱ्या गोलंदाजाचा आलेख भिंतीसारखा उभा चढतो. म्हणून लीग चालू असतानाच सामन्यांच्या मधल्या दिवसांत त्याला नेट्समध्ये जास्तीची षटकं टाकायला लावायची, लाल चेंडू हातात द्यायचा आणि तो चढ हळूहळू सौम्य करत आणायचा. यासाठी नेट्समधला प्रत्येक चेंडू मोजावा लागतो. खेळाडू म्हणतो ‘आज थोडंच टाकलं’, आणि मोजलं तर साठ निघतात. प्रेक्षकांना बुमरा एखादी कसोटी खेळत नाही याचा राग येतो, मी तो समजू शकतो. पण त्या विश्रांतीमागे असा आलेख असतो, आणि तो जपल्याशिवाय असा गोलंदाज मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत धडधाकट पोचत नाही.

पावसाचा कागद हीही आमचीच जबाबदारी. पावसामुळे षटकं कमी झाली की लक्ष्य नव्याने ठरवणारी डकवर्थ-लुईस पद्धत १ जानेवारी १९९७ ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात पहिल्यांदा वापरली गेली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना मला आजही थक्क करते: षटकं आणि गडी ही दोन साधनं एकत्र मोजायची. आधुनिक फलंदाजीतला आक्रमकपणा याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. वीस षटकांत दहा गडी वापरायचे असतील तर गडी जपण्यात फार अर्थ नाही, हे त्या तक्त्यातच दडलेलं होतं. पण कागद नीट वाचता यायला हवा. ३ मार्च २००३, दर्बान, विश्वचषक. दक्षिण आफ्रिका श्रीलंकेच्या २६८ चा पाठलाग करत असताना पाऊस आला. ड्रेसिंग रूममधून मार्क बाउचरला निरोप गेला की ४५ व्या षटकाअखेर २२९ हव्यात. त्याने मुरलीधरनला षटकार मारून २२९ गाठल्या आणि शेवटचा चेंडू शांतपणे तटवला. २२९ हा बरोबरीचा आकडा होता, जिंकायला २३० लागत होत्या. सामना बरोबरीत सुटला आणि यजमान दक्षिण आफ्रिका घरच्या विश्वचषकातून बाहेर पडली. माझ्या पावसाच्या कागदावर त्यामुळे एकच आकडा असतो, मोठ्या अक्षरात, आणि त्याच्या शेजारी लिहिलेलं असतं: जिंकायला.

आकड्यांच्या पलीकडेही बरंच काही घडतं, हे मी मनापासून मानतो. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेच्या वुल्व्हार्ट आणि सुने लुस जम बसवत होत्या, तेव्हा हरमनप्रीत कौरने चेंडू शफाली वर्माकडे दिला. एकदिवसीय सामन्यांत शफालीने त्याआधी नावापुरतीच गोलंदाजी केली होती. कुठल्याही तक्त्यात तिचं नाव पर्याय म्हणून आलं नसतं. तिने लुसला स्वतःच्याच चेंडूवर झेलबाद केलं, पुढच्याच षटकात मारिझान कापला परत पाठवलं, आणि भारत ५२ धावांनी विश्वविजेता झाला. आपल्या आतल्या आवाजाने हे सुचवलं, असं हरमनप्रीत सामन्यानंतर म्हणाली. ८७ धावा करून आलेल्या खेळाडूचा तो दिवस आहे, तिच्या हातात आत्ता काहीही द्यावं, ही जाण मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचीच. चांगला विश्लेषक अशा क्षणी आडवा येत नाही. विश्लेषणाने नव्वद निर्णयांचं ओझं आधीच उतरवलेलं असेल तर कर्णधाराला उरलेल्या दहांसाठी असं मोकळं डोकं मिळतं, असा माझा अनुभव आहे.

शेवटचा प्रश्न, सुरुवात कुठून करावी. क्रिकशीट या संकेतस्थळावर आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या चेंडूगणिक नोंदी मोफत मिळतात. पायथन किंवा आर, यांपैकी जी संगणकभाषा येत असेल तिच्यात त्या उघडा. पण पहिला आलेख काढण्याआधी एक काम करा. एका सामन्याचा पूर्ण व्हिडिओ घ्या आणि दोनशे चेंडू स्वतःच्या हाताने टॅग करा: टप्पा, रोख, फटका, ताबा. आठवडा जाऊ द्या, तेच दोनशे पहिल्या नोंदी न बघता पुन्हा टॅग करा आणि दोन्ही याद्या ताडून बघा. माझे पहिल्यांदा ‘ताबा’ या रकान्यात बरेच चेंडू जुळले नव्हते, आणि कुठल्या नोंदीवर किती भरवसा ठेवायचा हे मला त्या न जुळलेल्या चेंडूंनीच शिकवलं. मग एक गोलंदाज निवडा, त्याच्या पुढच्या सामन्याआधी त्याच्यासाठी एक ओळ लिहा, तारीख टाका आणि सामना झाल्यावर ती खरी ठरली की नाही ते त्याच कागदावर खाली लिहा. नोकरीसाठी कुणी माझ्याकडे आलं तर मी प्रमाणपत्राआधी असे वीस कागद मागतो, चुकलेल्या ओळींसकट.